न पडणारं हरीण

आयलीने पळी तिरकी केली आणि वितळलेला धातू पिस्तुलाच्या नळीत मागच्या बाजूने हळूहळू सोडला. नळी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात उभी धरलेली, आत पुढच्या अंगाला कापडाचा बोळा ठासलेला. धातू काठापर्यंत आला, चकाकला आणि पाहता पाहता करडा पडला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खडूने फळीवर वेळ लिहिली.

"एवढा थाट कशाला?" समोरच्या स्टुलावरून रेनो म्हणाला. "तुझा बाप असता तर एव्हाना रीमर फिरवायला लागला असता."

"बाबा आधी साचाच काढायचे, रेनोदादा. तुझं लक्ष कॉफीत असायचं."

"कॉफी तरी चांगली असायची."

आयली हसली नाही, पण तिने त्याच्या कपात आणखी ओतली. रेनो कांगास अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि गेल्या दहा वर्षांत तो निदान वीस वर्षांनी म्हातारा झाला होता. कप तोंडाशी नेताना त्याला दोन्ही हात लागत.

काम तसं नेहमीचं होतं. सुपीरियर तलावाच्या या काठावर रायफलीने हरीण मारण्यात काय मोठेपणा, असं मानणारे काही पुरुष आहेत. ते एकबारी पिस्तूल घेऊन रानात जातात. एक काडतूस भरायचं, एक बार काढायचा, चुकला तर घरी यायचं. मग चार-पाच वर्षांनी त्यांना वाटायला लागतं की काडतूस कमी पडतंय, आणि ते पिस्तूल घेऊन आयलीच्या दुकानात येतात. ती नळीच्या बुडाशी असलेलं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रीमरने कोरून मोठी करते. नळीचं भोक तेच राहतं, गोळीही त्याच जाडीची. फक्त तिच्या पाठीशी दारू जास्त मावते. कोरलेलं पोलाद मात्र परत लावता येत नाही. म्हणून तिच्या बाबांचा नियम होता, की रीमर लावण्याआधी जुन्या चेंबरचा साचा काढायचा, त्यातून उडवलेली एक रिकामी पुंगळी घ्यायची, आणि दोन्ही वस्तू चिठ्ठी बांधून खणात ठेवायच्या. चिठ्ठीवर तारीख आणि गिऱ्हाइकाने सांगितलेलं कारण.

साच्याचा धातू विचित्र असतो. बाहेर काढल्यावर पहिला अर्धा तास तो आक्रसतो, मग हळूहळू फुगायला लागतो, आणि तासाभराने बरोबर चेंबरच्या मापावर येतो. घाईने मापला तर फसवतो. आयलीला वाट पाहण्याची सवय होती. गावात तिच्याइतकी सवय कुणालाच नसेल.

तिने साचा काठीने ठोकून बाहेर काढला आणि फडक्यावर ठेवला. बोटाएवढा, गुळगुळीत, अजून कोमट.

दाराच्या आतल्या खुंटीला लाल लोकरी कोट टांगलेला होता. रेनो त्या दुकानात आला की खुंटीकडे पाठ करून बसायचा. आजही तसाच बसला होता. कोट ओन्नीचा, रेनोच्या धाकट्या भावाचा. तिसरं बटण तुटलं म्हणून त्याने तो आयलीकडे दिला होता, शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. जूनमध्ये त्यांचं लग्न व्हायचं होतं. बटण उद्या लावते, असं आयली म्हणाली. दुसऱ्या संध्याकाळी वादळ झालं, आणि त्यानंतर सकाळी ओन्नीची नाव तलावात उलटी तरंगताना सापडली. ओन्नी सापडला नाही. सुपीरियरचं पाणी इतकं गार, की बुडालेल्या माणसाला ते वर येऊ देत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सगळ्यांनी मान डोलावली आणि शवपेटीशिवायच प्रार्थना झाली. फक्त आयलीला एक गोष्ट कधी पटली नाही. शिकारीच्या पहिल्या दिवशी, भर संध्याकाळी, ओन्नी माशांची जाळी बघायला कशाला जाईल? दहा वर्षं हा प्रश्न तिने कुणाला विचारला नव्हता. उत्तर काहीही आलं तरी ते तिला घेऊन जगावं लागलं असतं, आणि तेवढी तिची तयारी नव्हती.

"किती वाजले?" रेनोने विचारलं.

"अजून वीस मिनिटं. एवढी काय घाई? हंगामाला अजून पंधरा दिवस आहेत."

"तेवढ्यात व्हायला हवं. या वेळी पडलं पाहिजे."

"काय पडलं पाहिजे?"

रेनोने वेलदोड्याच्या पावाचा तुकडा तोडला आणि कपात बुडवून तसाच धरून ठेवला. तुकडा भिजून कपात पडला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"हरीण," तो म्हणाला. "मोठं आहे. जुन्या सफरचंदांच्या बागेपलीकडे तो एकटा पाइन आहे ना, त्याच्या बुडाशी येतं. दर वर्षी, पंधरा तारखेला, अंधारून यायला लागलं की. साठ पावलांवर. मी नेम चुकत नाही, आयली. तू मला ओळखतेस. खांद्यामागे, जिथे मारायची तिथेच मारतो. आणि ते उभं राहतं. बघतं आणि जातं निघून."

"दर वर्षी तेच?"

"तेच."

"रेनोदादा, हरीण दहा वर्षं जगत नाही. आपल्या रानात तर नाहीच."

"म्हणून तर म्हणतो, चिवट आहे."

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं, की आयलीने थट्टा करायचं सोडून दिलं. तास भरल्यावर ती उठली आणि मायक्रोमीटरने साचा मापायला लागली. एकदा मापला, वळवून परत मापला. मग रेनोने सोबत आणलेली गेल्या वर्षीची पुंगळी उचलून खिडकीपाशी नेली. पितळेच्या बुडाजवळ एक चकचकीत रेघ गोल फिरली होती.

"ही बघ," ती म्हणाली. "पितळ इथे ताणलंय. चेंबर गोल राहिलेलं नाही आणि खालचा सांगाडाही सैल झालाय. बाबांनी दुसऱ्यांदा कोरलं तेव्हाच हे पिस्तूल काठावर आलं होतं. आता आणखी मोठं काडतूस घातलं तर हरणाचं काय व्हायचं ते होवो, हे तुझ्या तोंडावर उघडेल. डोळे जातील. नाही तर डोकंच."

"माझं डोकं माझं आहे."

"हात माझे आहेत. मी नाही कोरणार."

"मग मी घरी कोरतो. रीमर मागवलाय मी."

हे तो धमकी म्हणून बोलला नाही. हातांना कंप असलेला माणूस घरच्या टेबलावर चेंबर कोरणार आणि मग ते पिस्तूल चेहऱ्यासमोर धरून चाप ओढणार, हे आयलीला स्पष्ट दिसलं. कांगासांचा एक मुलगा गेला होता. दुसराही जाईल, आणि तो तिच्या डोळ्यांसमोर जाईल.

"असं कर," ती म्हणाली. "या वर्षी आहे तेच काडतूस वापर. मी येते बरोबर. माझ्यादेखत लागलं आणि तरी पडलं नाही, तर मग बघू."

"तू? रानात?"

"का, मला पाय नाहीत?"

रेनोने कपातला भिजलेला पाव दोन बोटांनी बाहेर काढला.

"बरं," तो म्हणाला. "ये. तुला दिसलं तर बरंच होईल."

तो गेल्यावर आयलीने नवा साचा ठेवायला खण उघडला. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या तिने तशाच ठेवल्या होत्या. रेनोच्या नावाच्या पिशवीत दोन साचे होते, एक करंगळीएवढा, दुसरा थोडा लांब. प्रत्येकाला पुंगळी आणि चिठ्ठी बांधलेली. दुसऱ्या चिठ्ठीवर होतं: जून १९८३, अजून पडत नाही. पहिल्या चिठ्ठीवरची अक्षरं शिसपेन्सिलीची, पुसट झालेली. ती तिने दारापाशी उजेडात नेली.

१६ नोव्हेंबर १९७८. हरीण पडलं नाही.

त्या ओळीखाली बाबांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

आयली चिठ्ठी घेऊन उभीच राहिली. हंगाम पंधरा नोव्हेंबरला सुरू होतो आणि तीस तारखेला संपतो. त्या पंधरवड्यात इथला पुरुष एक वेळ बायको माहेरी पाठवेल, पण शिकारीचं हत्यार दुरुस्तीला देणार नाही. सोळा तारखेची सकाळ तिला मिनिटामिनिटाने पाठ होती. ती काठावर उभी होती आणि माणसं दोरांनी ओन्नीची नाव ओढून आणत होती. त्या गर्दीत बाबा उशिरा आले. त्यांच्या हातांना चेंबर कोरताना लागणारं तेल होतं. रेनो त्यांच्या मागून आला आणि त्याने नावेकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढं सगळं तिला आठवत होतं. आजवर ते फक्त एका ओळीत लावलं गेलं नव्हतं.

त्या हिवाळ्यापासून बाबांनी शिकार सोडली होती. गुडघे दुखतात म्हणायचे.

आयलीने चिठ्ठी जागेवर ठेवली आणि खण बंद केला. रेनोला विचारायला हवं होतं. पण ती दोन आठवडे त्याच्या घरावरून गेली नाही, आणि फोन वाजला की उचलत नव्हती.

पंधरा तारखेला सकाळी तिने खुंटीवरचा कोट काढला आणि खिडकीत बसून तिसरं बटण लावलं. दोरा काळा होता, बाकीची बटणं तपकिरी दोऱ्याची. चालेल, असं म्हणून तिने गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

तीन वाजता रेनोच्या गाडीत बसली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवायला उचललेला हात खाली ठेवला.

"तो कोट कशाला घातलास?"

"रानात लाल घालायला लागतं. माझ्याकडे दुसरा नाही."

"त्याने तो घातला असता तर," रेनो म्हणाला आणि थांबला. मग त्याने गाडी सुरू केली.

"तर काय? पाण्यात लाल कोट काय करणार?" आयलीने विचारलं.

वाटेत त्याने फक्त एकदा तोंड उघडलं, ते गाडीतल्या हीटरला शिवी द्यायला.

बाग कुणीतरी केव्हाच सोडून दिलेली. सफरचंदाची झाडं वाकडीतिकडी वाढून एकमेकांत घुसली होती, आणि काळी पडलेली दोन-चार फळं अजून फांद्यांना धरून होती. तिच्या कडेला फळ्यांचं लपण होतं, दोन माणसं गुडघे मोडून बसतील एवढं. समोर उघडी जमीन, साठ पावलांवर तो पाइन, आणि त्याच्या उजव्या हाताला सीडरच्या झाडांनी भरलेली दलदल सुरू होत होती. तिथे दिवसाही उजेड शिरत नसे. बर्फ पडायला लागला होता. दुपारपासूनचा थर जमिनीवर बसला होता आणि त्यावर एक पाऊलही उमटलेलं नव्हतं.

रेनोने खिशातून एकच काडतूस काढलं. बिजागरीवर नळी खाली मोडून ते आत सरकवलं आणि पिस्तूल बंद केलं. आयलीने कान देऊन तो आवाज ऐकला. सांगाडा सैल होता, पण हे काडतूस अजून एकदा सहन करेल. पितळ ताणलेलं दिसलं त्याच दिवशी तिने मुद्दाम दारू कमी भरून दिली होती.

"शीळ घालतोस ना अजून?" तिने हळू आवाजात विचारलं.

"घालतो की. सुटते का ती सवय?"

ती कांगासांच्या घरची रीत होती. अंधुक उजेडात काही हललं, तर चाप ओढण्याआधी दोनदा आखूड शीळ घालायची. माणूस असेल तर शीळ परत देईल. हरीण असेल तर कान टवकारेल, आणि तेवढ्यात नेमही बसेल. ओन्नी या शिळेची नेहमी चेष्टा करायचा. त्याचा उजवा कान ठार बहिरा होता. सात वर्षांचा असताना रेनोच्या बंदुकीचा बार त्या कानाशीच झाला होता. कुणी हाक मारली की ओन्नी अख्खी मान वळवून डावा कान पुढे करायचा, हनुवटी जराशी वर, आणि 'काय?' असं विचारल्यासारखा बघायचा. आयली त्याच्या त्या बघण्यावरच भाळली होती. त्याच्या उजव्या बाजूने तिने कधी काही सांगितलं नाही. चालतानासुद्धा ती नेहमी त्याच्या डावीकडे असायची.

साडेचारला उजेड पातळ व्हायला लागला. आयलीने थर्मासमधून कॉफी ओतली, झाकण लावलं आणि मान वर केली.

ते उभं होतं.

येताना दिसलं नाही. पाइनच्या बुडाशी, तिच्या दोन घोटांच्या मधल्या वेळात, ते तिथे होतं. मोठं, करडं, उजवी कूस त्यांच्याकडे करून. मान थोडी खाली, पुढच्या पायाशी काही शोधत असल्यासारखी. बर्फ दाट पडत होता, पण त्याच्या पाठीवर एक कणही टिकत नव्हता.

रेनोने ओठ ओले करून शीळ घातली. एकदा, मग परत.

हरणाचा कान हलला नाही. आयली बंदुकवाल्याची मुलगी, लहानपणापासून रानात वाढलेली. शिळेला कान न हलवणारं हरीण तिने कधी पाहिलं नव्हतं. झोपेतसुद्धा त्यांचे कान हलतात. तिने रेनोच्या बाहीला हात घातला.

"थांब, दादा."

"कधीच हलवत नाही," तो कुजबुजला. त्याचे हात या वेळी अजिबात थरथरत नव्हते. पिस्तूल व्हाइसमध्ये धरल्यासारखं पक्कं होतं. तिने बाही ओढण्याआधी त्याने चाप ओढला.

लपणाच्या फळ्या हादरल्या. धूर निवळला तेव्हा हरीण तिथेच होतं. त्याने सावकाश मान फिरवली, पूर्ण फिरवली, डावा कान त्यांच्याकडे केला, हनुवटी जराशी वर उचलली, आणि बघितलं.

आयलीला ते बघणं ओळखू आलं. दहा वर्षांत तिने ते स्वप्नातसुद्धा इतकं नीट पाहिलं नव्हतं, आणि तिला भीतीच्याही आधी आनंद झाला, याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

मग ते वळलं आणि घाई न करता सीडरच्या झाडांत गेलं.

"बघितलंस?" रेनोचा आवाज फाटला होता. "लागली ना? सांग, लागली की नाही?"

"चल झाडापाशी."

"अंधार पडेल."

"दादा, चल म्हणते ना."

ती पुढे निघाली म्हणून तो मागे आला. साठ पावलं त्यांच्या बुटांनी बर्फ करकरला. पाइनच्या बुडाशी पोचल्यावर आयली थांबली. तिथला बर्फ सपाट होता, धुतलेल्या चादरीसारखा. खूर नाही, रक्ताचा थेंब नाही, केस नाही. तिने खिशातून बॅटरी काढून खोडावर धरली.

तिच्या कमरेएवढ्या उंचीवर, तळहाताने झाकली जातील एवढ्याच जागेत, भोकं होती. सगळ्यात नवं पांढरं, त्याच्या कडांची कुसळं अजून उभी. काहींतून चीक वाहून वाळलेला. जुन्यांच्या कडेने साल वाढून ओठासारखी जाड झालेली. रेनोने नेम खरोखरच एकदाही चुकवला नव्हता. फक्त मध्ये काही नव्हतं. एवढ्या वर्षांच्या गोळ्या सरळ झाडात आल्या होत्या.

"तू कधी इथे येऊन पाहिलंच नाहीस?" आयलीने विचारलं.

"अंधार पडतो," रेनो म्हणाला.

तिचा विश्वास बसेना. या रानात बार काढल्यावर जनावर उभं होतं त्या जागी न जाणारा माणूस म्हणजे शिकारी नव्हेच. जखमी जनावराच्या मागे सकाळ उजाडेपर्यंत गेलं पाहिजे, हे इथे मुलांना अक्षरांच्याही आधी शिकवतात. रेनोनेच ते ओन्नीला शिकवलं होतं.

तिने हातमोजा काढला आणि बोट ठेवत ठेवत भोकं मोजली. मग परत मोजली. बोटाला चीक लागला.

"दर वर्षी एकच बार काढलास?"

"एकच. जास्त काडतूस मी नेतच नाही."

"अठ्ठ्याहत्तरपासून."

"अठ्ठ्याहत्तरपासून."

"म्हणजे आजची धरून अकरा," आयली म्हणाली. "इथे दहा आहेत."

रेनो जवळ आला. त्याने खाली वाकून पाहिलं, बोटं हलवत मनाशी वर्षं मोजली. आणि मग धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला सांगावं तसं तो सहज म्हणाला:

"पहिली नसेल. पहिली आत राहिली. तेव्हा काडतूस कमी ताकदीचं होतं ना, आरपार आली नाही."

हे बोलून तो थांबला. त्याचं तोंड तसंच किंचित उघडं राहिलं.

आयलीने बॅटरी खाली केली. उजेडाचा गोळा दोघांच्या बुटांमध्ये पडला. तिला आठवलं की ओन्नीच्या उजव्या बुटाची नाडी सारखी सुटायची. कुठेही, रस्त्याच्या मध्येसुद्धा, तो वाकून बांधत बसायचा. तो जाळी बघायला गेलाच नसेल. नेहमीसारखी ढिली बांधलेली नाव वादळाने सोडवून नेली असेल, आणि तो जवळच्या वाटेने भावाला गाठायला इथे आला असेल. अंगावर करडा स्वेटर असेल. लाल कोट तिच्याकडे होता.

"पहिल्या वर्षी असंच उभं होतं का ते?" तिने विचारलं. "उजवी बाजू तुझ्याकडे?"

"हो."

"वाकलेलं?"

"वाकलेलं."

"शीळ घातली होतीस?"

"दोनदा घातली," रेनो म्हणाला. "आयली, मी दोनदा घातली होती. उत्तर आलं नाही."

बर्फ पिस्तुलाच्या नळीवर पडून वितळत होता. आयलीला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. दहा वर्षं तिला त्या काठावर पाण्याकडे बघत उभं ठेवलं म्हणून, तिच्या बाबांकडून चेंबर कोरून घेतलं म्हणून, ज्या गोष्टीकडे बघायला हवं होतं ती सोडून काडतुसाला दोष देत बसला म्हणून. आणि त्याच वेळी हा माणूस तिला इतका केविलवाणा वाटला, की तिचा हात उठला नाही. तिनेसुद्धा दहा वर्षं विचारलं नव्हतं.

"रक्त होतं?"

"होतं. त्या पहिल्या सीडरपर्यंत. मग अंधार झाला. मग वादळ."

"आणि सकाळी?"

"सकाळी तुझ्या बापाकडे आलो."

त्याने पिस्तूल मोडून पुंगळी काढली. ती गरम होती, तरी मुठीत धरली. मग पिस्तूल पाइनच्या बुंध्याशी टेकवून ठेवलं, आणि टोपी काढून त्यावर ठेवली. त्याचं टक्कल बर्फाने ओलं व्हायला लागलं.

आयलीने कोटाची बटणं खालून वर लावली, काळ्या दोऱ्याचंही लावलं, आणि दलदलीकडे चालू लागली. आत जाऊन काय सापडणार हे तिला माहीत होतं. दहा हिवाळ्यांनंतर एखादा बूट, पट्ट्याचं बक्कल, तेवढंच. पण जखमी जनावराच्या मागे जायचं असतं, आणि आज जायला कुणीतरी होतं.

ती सीडरच्या कडेला पोचली तेव्हा मागून रेनोचा आवाज आला.

"आयली."

ती थांबली.

"हाक मारणार असशील तर पलीकडच्या अंगाने मार," तो म्हणाला. "या बाजूने त्याला ऐकू येत नाही."

आयलीने मान डोलावली. ती चार पावलं मागे आली, पाइनला वळसा घातला आणि पलीकडच्या अंगाने आत शिरली. थोड्या वेळाने रेनोही तिच्या पावलांवर पाऊल ठेवत आला.